लाईट गेली म्हणून मास्कमध्ये कुणी गुदमरत नाही

मराठवाड्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'घोरणं म्हणजे गाढ झोप. झोपेच्या तपासणीत डोक्याला करंट देतात. सीपॅप मशीनने फुफ्फुसं आळशी होतात, आणि रात्री लाईट गेली तर माणूस मास्कमध्येच गुदमरतो.' सीपॅप म्हणजे झोपेत ज्यांचा श्वास अडतो (स्लीप ॲप्निया) त्यांना मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन. मेसेजमधलं एकही वाक्य खरं नाही. शेवटच्या वाक्याच्या धास्तीने तर लोक विकत घेतलेलं मशीन कपाटात ठेवून देतात.

घोरणारा प्रत्येक जण आजारी नसतो. पण घोरता घोरता अचानक शांतता आणि मग दचकून मोठा श्वास, असं होत असेल तर त्या शांततेत घसा मिटलेला असतो. निदान १० सेकंद श्वास थांबला, किंवा तो कमी पडून ऑक्सिजन उतरला वा झोप चाळवली, की तो अडथळा मोजतात. तासाला असे ५ ते १४ अडथळे म्हणजे आजार सौम्य, १५ ते २९ मध्यम, ३० किंवा जास्त तीव्र. मेंदू असा वारंवार जागा होत असेल तर झोप गाढ कशी असेल?

करंटचं म्हणाल तर तपासणीतल्या वायरी ईसीजीसारख्याच असतात. शरीरातले संकेत फक्त टिपतात, आत काही सोडत नाहीत. खरी अडचण आपल्या तेलाची. डोक्याला चोपडून तेल असलं की वायर चिकटवायची पेस्ट धरत नाही, मध्यरात्री वायर सुटते आणि तेवढी नोंद कोरी जाते. त्या दिवशी शाम्पूने न्हाऊन जा, तेल नको, नेलपॉलिश नको, दुपारनंतर चहाही नको.

फुफ्फुसं आळशी होत नाहीत, श्वास तुमचा तुम्हीच घेता. मशीन खोलीतलीच हवा दाबाने देऊन घसा उघडा धरतं. बंद केलं की घोरणं परत येतं, कारण घसा तोच असतो. चष्मा काढल्यावर अंधुक दिसतं, तसंच हे.

आता लाईट. तोंड-नाक झाकणाऱ्या मास्कला झडप असते. दाब गेला की ती उघडते आणि बाहेरची हवा आत येते. मास्क धुताना ती चिकटलेली नाही ना, एवढं बघा. नुसत्या नाकाच्या मास्कमध्ये तोंड मोकळंच असतं. मास्कच्या बारीक छिद्रांतून सतत फुसफुस येते, तिला गळती समजून काही जण चिकटपट्टी लावतात. ते मात्र खरंच धोक्याचं, कारण उच्छ्वास तिथूनच बाहेर पडतो. इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचा घ्या. बॅटरी सगळ्यात जास्त खातो तो ह्युमिडिफायरचा, म्हणजे हवा ओलसर करणाऱ्या भागाचा, हीटर. लाईट नसताना तो बंद ठेवला की बॅकअप बराच लांबतो. ह्युमिडिफायरच्या टाकीत बोअरचं पाणी घालू नका, क्षार धरतात. डिस्टिल्ड पाणीच वापरा आणि रोज बदला. सोयाबीन-तुरीच्या मळणीच्या दिवसांत फिल्टर महिन्याची वाट न बघता, काळवंडला की बदला.

पहिले काही दिवस कोंडल्यासारखं वाटतं, हे खरं आहे. त्याचं कारण बऱ्याचदा सुरुवातीचा दाब असतो. रॅम्प, म्हणजे कमी दाबापासून हळूहळू वाढवत नेण्याची सोय, बऱ्याचदा ४ पासून (सेंटिमीटर पाणी, हे दाबाचं माप) सुरू होतो आणि धिप्पाड माणसाला तेवढी हवा पुरत नाही. डॉक्टरांना सांगून तो वाढवून घ्या, स्वतः आकडे फिरवू नका. पट्टे आडवं होऊन, मशीन चालू ठेवून बसवा. करकचून आवळले की मास्कची मऊ गादी चेपते आणि गळती उलट वाढते. दिवसा टीव्ही बघताना अर्धा तास मास्क लावून बसलात तर रात्री तो अंगवळणी पडायला मदत होते.