आजी बारीक झाल्यात? वजनाची वही मागा

फिजिओथेरपीसाठी मी पुण्यातल्या काही वृद्धाश्रमांत, केअर सेंटरमध्ये नेहमी जाते आणि भेटायला आलेल्या नातेवाइकांच्या तोंडून एकच सारखं ऐकते, "वय झालंय, आता अंगावर मांस कुठून राहणार." अहो नाही! ५० किलोच्या माणसाचं महिन्यात अडीच किलो किंवा सहा महिन्यांत ५ किलो वजन आपोआप उतरलं तर त्याला कारण असतंच. आजार, औषधं, दात, डिप्रेशन, नाहीतर सरळ सरळ कोणी भरवत नाहीये.

हे शेवटचं कसं होतं ते सांगते. एका ठिकाणी एक आजोबा, पॅरालिसिसनं उजवा हात गेलेला, आणि ताट ठेवलं उजवीकडच्या स्टुलावर. वरण-भात, पोळी, दुधीची भाजी, सगळं होतं. कवळी मात्र ड्रॉवरमध्ये. थोड्या वेळानं मावशी आल्या, "काय आजोबा, आज पण भूक नाही?" म्हणत ताट उचललं आणि रजिस्टरमध्ये लिहिलं 'जेवण दिले'. मावशींवर माझा राग नाही, एकटी बाई सगळ्या वॉर्डचं करतेय तर एकेकापाशी अर्धा तास बसून भरवणार कधी? राग चालकांवर आहे, पैसे पूर्ण घेतात आणि माणसं अर्धी ठेवतात.

म्हणून चार वाजता फळं-बिस्किटं घेऊन जाण्यापेक्षा जेवणाच्या वेळेला जा, आणि न कळवता जा. "जेवलात का" विचारू नका, लेकरांना काळजी नको म्हणून ते हो म्हणतात. अंगाकडे बघा. कानशिलं खोल गेलीत का, बांगडी वर कोपराकडे सरकते का, ओठांचे कोपरे चिरलेत का, जीभ कोरडी पडलीय का. पाय सुजले असतील तर वजन काट्यावर ठीक दिसतं आणि आत माणूस झडत असतो, हे लक्षात ठेवा. कालपर्यंत नावानं हाक मारणारी आजी अचानक बरळायला लागली तर म्हातारचळ म्हणून सोडून देऊ नका, बऱ्याचदा पाणी कमी पडलेलं असतं नाहीतर युरिन इन्फेक्शन असतं, डॉक्टरला लगेच दाखवा. काही ठिकाणी डायपर कमी लागावेत म्हणून पाणीच कमी देतात, हे वाचायला वाईट वाटेल पण होतं.

आणि चादर बाजूला करून टाचा आणि माकडहाड बघाच, संकोच वाटला तरी. दाबल्यावरही न जाणारा लालसरपणा म्हणजे बेडसोअरची सुरुवात. झोपून असलेल्याची साधारण दर दोन तासांनी कूस बदलायला हवी, आणि पोटात प्रोटीन जात नसेल तर ती जखम भरत नाही. उतारवयात वजनाच्या किलोमागे रोज निदान १ ग्रॅम प्रोटीन लागतं (किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून), ते पातळ वरणाच्या पाण्यातून कसं मिळणार?

दर महिन्याच्या वजनाची वही मागा. उभं राहता येत नसेल तर पोटरीचा घेर टेपनं मोजा, ३१ सेंटिमीटरच्या खाली असेल तर डॉक्टरांशी बोला. टाळाटाळ झाली तर तारखेसकट फोटो ठेवा, बाहेरच्या डॉक्टरला दाखवा, आणि १४५६७ ही ज्येष्ठांची सरकारी हेल्पलाइन आहे, तिथं फोन करा. "तक्रार केली तर मागे त्यांनाच त्रास देतील" ही भीती मला कळते, खरी आहे ती. म्हणूनच तक्रार केल्यावर फेऱ्या वाढवा, भाऊ-बहिणी वार वाटून घ्या, रोज कोणीतरी ताटाशी बसलेलं असू द्या.