गेटबाहेरच्या पोरांच्या जिवावर

आमच्याकडे सकाळच्या पहिल्या चहाबरोबर एनबीए, म्हणजे अमेरिकेतली बास्केटबॉलची लीग, लागते. तिकडे रात्र असते, इकडे दूधवाला आलेला असतो. पोराच्या नादानं मलाही गोडी लागली. परवा मी सहज विचारलं, "एवढी तयार पोरं शाळेतून थेट का येत नाहीत रे?" तो म्हणाला, "येता येत नाही बाबा. ड्राफ्टच्या, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात त्या वर्षी १९ पूर्ण होत असली पाहिजेत, आणि अमेरिकेतला असेल तर शाळा संपून एक वर्ष गेलेलं पाहिजे. लीग आणि खेळाडूंच्या युनियनच्या करारातच आहे तसं."

करार म्हटल्यावर माझे कान टवकारले. निम्मी नोकरी मी युनियनच्या कमिटीवर काढली आहे.

पूर्वी हा नियम लीगचा एकटीचा होता: शाळा सुटल्यावर चार वर्षं थांबा. स्पेन्सर हेवुड थांबला नाही. मिसिसिपीत कापूस वेचत वाढलेला मुलगा, १९६८ च्या ऑलिंपिकचं सुवर्णपदक घेतलेला. सिएटलच्या संघानं त्याला मुदतीआधीच घेतलं आणि लीग आडवी आली. तो कोर्टात गेला. १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती डग्लस यांनी त्याच्या बाजूनं आदेश दिला. तो दरवाजा उघडला म्हणून पुढे गार्नेट (१९९५), कोबी (१९९६) आणि लेब्रॉन (२००३) शाळेतून थेट आले. कोबी तर १७ वर्षांचा होता, त्याच्या करारावर आईवडिलांना सह्या कराव्या लागल्या.

मग २००५ चा करार आला. लीगचे प्रमुख, कमिशनर डेव्हिड स्टर्न यांना किमान वय २० हवं होतं, तडजोडीत १९ ठरलं. पण या वेळी नियमाखाली युनियनचीही सही होती, आणि सगळा फरक तिथेच पडतो. मालकांनी आपापसात ठरवून कुणाला कामाबाहेर ठेवलं तर तिकडचा मक्तेदारीविरोधी कायदा आडवा येतो. तीच गोष्ट युनियनशी वाटाघाटी करून करारात घातली की कोर्ट सहसा हात लावत नाही. २००४ मध्ये अमेरिकन फुटबॉलमधला मॉरिस क्लॅरेट असाच वयाच्या अटीविरुद्ध लढला. खालच्या कोर्टात जिंकला, वर हरला. वरचा निकाल सोनिया सोटोमायोर यांनी लिहिला, त्या पुढे सर्वोच्च न्यायालयात गेल्या. मथितार्थ असा, की आत असलेल्या सभासदांचं हित बाहेरच्या उमेदवारांपेक्षा वर धरायची युनियनला मुभा आहे.

कायद्यानं बरोबरच आहे. मी कमिटीवर असतो तर मीही सही केली असती.

कारण हिशोब सरळ आहे. तीस संघ, प्रत्येकात पंधरा कायम जागा. एक पोरगा आत आला की एक बत्तिशी-तेहतिशीचा गडी बाहेर जातो. मालकाला वर्षभर पोराची पारख दुसऱ्याच्या, बहुतेकदा कॉलेजच्या, खर्चात करून मिळते. नवख्यांचा पगार १९९५ पासून तक्त्यानं बांधलेला, त्यामुळे सुरुवात वर्षानं लांबली की पहिला मोठा करारही वर्षानं लांबतो. दोन्ही बाजूंचा फायदा, आणि बिल तिसऱ्याच्या नावावर.

"पोरांच्या भल्यासाठी" हे मला सांगू नका. क्वामे ब्राउन २००१ मध्ये शाळेतून येऊन पहिल्या क्रमांकावर निवडला गेला आणि अपेक्षेला उतरला नाही, हे खरं. पण चार वर्षं कॉलेज करूनही न चाललेले काय कमी आहेत? तिकडे बेसबॉलवाले शाळेतली पोरं खुशाल घेतात. आणि २०१९ मध्ये ड्यूक कॉलेजकडून खेळताना झायन विल्यमसनचा बूट पहिल्याच मिनिटात फाटला, गुडघा दुखावला, तेव्हा त्याला पगार नव्हता. बायकांच्या लीगमध्ये तर अमेरिकन मुलींना साधारण २२ पर्यंत थांबावं लागतं, त्यावर कुणी फार बोलतही नाही.

आता कॉलेजची पोरं कमावतात हे मान्य. २०२१ पासून जाहिराती करता येतात, २०२५ पासून कॉलेज थेट पैसे देऊ शकतं. पण यातलं काहीही एनबीएच्या कराराच्या टेबलावरून आलेलं नाही.

हे मी तावातावानं पोराला सांगत होतो आणि मध्येच गप्प झालो.

आमच्या एका करारात वाढ अडली होती. रात्री दीड वाजता, थंड झालेले वडे समोर, व्यवस्थापन म्हणालं, ट्रेनींची मुदत दोनाची तीन वर्षं करा, आकडा देतो. आम्ही बाहेर जाऊन पाच मिनिटं बोललो. पाचच. ट्रेनी सभासद नव्हते, त्यांची वर्गणी नव्हती, त्यांचं मत नव्हतं. सही केली. सकाळी गेटवर गुलाल, ढोल, पेढे. ढोलापुढे सगळ्यात जास्त नाचत होता तो एक ट्रेनीच, सातारकडचा, विशीतला. त्याला वाटलं करार झाला म्हणजे सगळ्यांचाच झाला.

दुपारी कँटीनच्या फळ्यावर कागद लागला. तो वाचून माझ्याकडे आला, कानामागे गुलाल तसाच. "काका, तीन वर्षं आमच्यासाठीच ना?"

एनबीएचा नवा करार २०२३ मध्ये झाला. १९ ची अट तशीच राहिली. आमच्या त्या पोराला मी जे म्हणालो तेच तिथेही कुणीतरी कुणाला म्हणालं असणार.

"पुढच्या करारात बघू."