सहावा माणूस घ्यायचा की नाही?

नाशिकच्या कॉलेज रोडच्या कट्ट्यावर वाद पेटला तो द्राक्षाच्या पॅकहाऊसमधल्या, म्हणजे माल निवडून पेट्या भरायच्या शेडमधल्या, एका टेबलावर किती मजूर ठेवायचे यावरून. सचिनचं म्हणणं सरळ होतं. "दिवसाची कमाई माणसांनी भागायची. आकडा मजुरीच्या वर येतोय ना? मग घ्यायचा अजून एक."

"तिथंच मार खाशील," अण्णा म्हणाले. "भागाकार सोड. शेवटी आलेल्या माणसामुळे किती पेट्या वाढल्या तेवढंच बघ."

मग उदाहरणादाखल आकडे मांडले. एक टेबल, एक वजनकाटा. पाच किलोची पेटी, तिच्यात अर्ध्या किलोचे दहा पनेट, म्हणजे छोटे प्लास्टिकचे डबे. माल, खोका, पनेट, वीज सगळं वजा जाता पेटीमागे ₹५० उरतात. एकटा माणूस कात्री चालवतो, तोलतो आणि भरतोही, म्हणून दिवसाला २० पेट्या. दुसरा आला की कामं वाटली जातात आणि ४६ होतात. तिसऱ्यानंतर ७०, मग ९०, १०५, ११५, ११९. आठवा आला तर उलट ११७.

"म्हणजे आठवा कामचुकार?"

"अजिबात नाही. तो पहिल्याइतकाच हुशार आहे. पण काटा एकच. क्रेट अडकून राहतात, कोपराला कोपर लागतं, घड दोनदा हाताळला जातो. मण्यावरची पांढरी झाक पुसली की तो माल निर्यातीच्या पेटीत चालत नाही, परत निवडावा लागतो."

मजुरी ₹४८० रोज. इथे नानांनी अडवलं. "हातात ४८०, पण मालकाला पडतात किती? पीएफचा मालकाचा हिस्सा इतर आकारांसह १३ टक्के, ईएसआयसी म्हणजे कामगार विमा ३.२५, बोनस किमान ८.३३. हे कायदे लागू असतील तर माणूस जवळपास ₹६०० ला पडतो. हिशेबात ६००च धरा."

आता पाचवा १५ पेट्या वाढवतो, म्हणजे ₹७५०. घ्या. सहावा १० वाढवतो, ₹५००. सोडा. सचिनची सरासरी मात्र सहा माणसांवरही ₹९५८ दाखवते आणि सहावा परवडतोय असं वाटतं. मजुरी जाऊन पाच माणसांवर ₹२,२५० उरतात, सहावर ₹२,१५०. रोजचे शंभर रुपये सरासरीच्या आड लपतात.

"बाजार पडला तर?" सचिननं विचारलं.

पेटीमागे ₹३८ उरायला लागले तर पाचव्याचे ₹५७० होतात, म्हणजे तोही जातो. ₹६० झाले तर सहावा बरोबर बरोबरीला येतो. टेबलावर कुणाचा वेग बदललेला नसतो, तरी माणसं कमीजास्त होतात. द्राक्षाला भाव नसला की मजुराला मागणी नसते. हंगामात हे कळणं फार गरजेचं आहे, कारण कपात झाली की दोष मजुराच्या माथी मारला जातो. तो त्याचा नसतो.

नाना तरी पटून घेईनात. "हे सगळं ₹४८० ला हवी तेवढी माणसं मिळतात असं धरून चाललंय. दिंडोरी-निफाडला पेठ, सुरगाणा तालुक्यांतून मजुरांच्या टोळ्या येतात. शेजारचा पॅकहाऊस २० जास्त देतोय कळलं की टोळी तिकडे."

"म्हणून तर एकटा मालक मजुरी ठरवू शकत नाही. पेटीचा भावही त्याच्या हातात नाही. त्याच्या हातात फक्त माणसांची संख्या."

"आणि आसपास एकच मोठा मालक असेल तर?"

हा मुद्दा अण्णांनीही मान्य केला. सहाव्यासाठी एकूण खर्च ₹६२० करावा लागला, तर आधीच्या पाचांनाही प्रत्येकी २० वाढवून द्यावे लागतात. सहावा मग ₹७२० ला पडतो. असा मालक कमी माणसांवरच थांबतो, आणि माणसं कमी, मजुरीही कमी अशी गत होते. स्पर्धेचं गणित तिथे जसंच्या तसं लावू नये.

सचिन मग काट्यावर आला. दुसरा काटा आणि टेबल टाकलं तर? समजा सहावा १० ऐवजी १८ पेट्या वाढवेल, सातवा १३, आठवा ८. मग सहाव्याचे ₹९००, सातव्याचे ₹६५०, आठव्याचे ₹४००. सातवर थांबायचं. रोजचा फायदा ₹३५० नं वाढतो, ६० दिवसांच्या हंगामात ₹२१,०००. काटा-टेबल त्याच्या आत बसत असेल तर पहिल्याच हंगामात वसूल.

"पण शीतगृहात जागा आहे का तेवढ्या पेट्यांना?" नानांनी विचारलं, आणि वाद तिकडे वळला.