ग्लोबुली आणि गंडा

जर्मनीतल्या लाइपझिगच्या रिचर्ड वाग्नर चौकात सॅम्युएल हानेमान यांचा पुतळा आहे, १८५१ साली बसवलेला. होमिओपॅथीचे जनक. ऑफिसला जाताना तो दिसला की मला मामा आठवतात.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. आमचा वाद तेव्हापासूनचा. मामा स्वतः कशावरच विश्वास ठेवत नाहीत. पण म्हणतात, "अरे, एखाद्याला गंड्यादोऱ्याने रात्री झोप लागत असेल, तर ती तू कशाला मोडतोस?" इकडे येण्याआधी माझं उत्तर ठरलेलं होतं: मामा, युरोपात असलं काही चालत नाही.

चालतं! मुलीला सर्दी झाली तेव्हा शेजारच्या आजींनी ग्लोबुलीची बाटली हातावर ठेवली. आपल्याकडच्या होमिओपॅथीच्या त्याच पांढऱ्या, गोड गोळ्या. इथे त्या आपोथेकेत, म्हणजे औषधांच्या दुकानातच मिळतात. अमुक रोगावर गुणकारी असा दावा केला नाही, तर गुण सिद्ध करावा लागत नाही, नोंदणी पुरते. अनेक आरोग्य विमा संस्था त्यांचा खर्चही देत आल्या आहेत. फ्रान्सने तो २०२१ पासून बंद केला. इथले तेव्हाचे आरोग्यमंत्री कार्ल लाउटरबाख यांनी जानेवारी २०२४ मध्ये तोच प्रस्ताव मांडला, पण काही महिन्यांत तो कायद्याच्या मसुद्यातून गळाला. खर्च किरकोळ आहे, लोकांना बरं वाटतं, हा विरोधकांचा सूर. मामाच जर्मन बोलत होते म्हणा ना.

मला वाटायचं, रुग्णवाहिका वेळेवर येत नाही तिथे माणूस गंडा बांधतो. इथे ११२ फिरवलं की ती येते, म्हणून मला सत्य परवडतं. पण आजींकडेही माझ्यासारखाच विमा आहे. त्यांना विचारलं, तर म्हणाल्या, डॉक्टर घड्याळाकडे बघतो, होमिओपॅथ तासभर ऐकून घेतो. म्हणजे गुण ऐकण्याला, श्रेय गोळीला. २०१० मध्ये अमेरिकेतले संशोधक टेड कॅपचुक आणि सहकाऱ्यांनी आतड्यांच्या तक्रारीच्या ८० रुग्णांवर एक प्रयोग केला. जवळपास निम्म्यांना गोळ्या दिल्या आणि स्पष्ट सांगितलं की यात औषध नाही. तरी गोळ्या न मिळालेल्यांपेक्षा त्यांना जास्त बरं वाटलं. मग खोटं बोलायची गरज नेमकी कुणाला असते?

मामांच्या म्हणण्यात मला खटकतं ते हेच. उपयुक्त श्रद्धा नेहमी दुसऱ्यासाठी असते. त्यांच्या स्वतःच्या छातीत कळ आली तेव्हा ते थेट हृदयरोगतज्ज्ञाकडे गेले. आपला कायदा या बाबतीत जर्मनीपेक्षा शहाणा वाटतो. तो कुणाच्या मनातल्या श्रद्धेला हात लावत नाही. पण साप चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र घालत बसणं हा गुन्हा ठरवतो. गंडा बांधा, गंडा घालू नका, इतकंच. जर्मनीत मात्र गोळीवर औषधाचा शिक्का खुद्द सरकारच्या नियमाने बसतो.

मुलगी आठवडाभरात बरी झाली, सर्दी जशी होते तशी. आजींनी जिन्यात विचारलं, "उपयोग झाला ना?" मी म्हटलं, "हो, खूप." बाटली फडताळात आहे, सीलसुद्धा फोडलेलं नाही. मामांना हे अजून सांगितलेलं नाही.