सेन्सर बरोबर होता, जागा चुकली होती

नमस्कार. पुण्यात माझ्या गच्चीवरच्या सेन्सरने मोजलेलं तापमान वाचून ‘शिवाजीनगरच्या वेधशाळेपेक्षा तुमच्या गच्चीवर तीन अंश जास्त कसे? सेन्सर फेकून द्या, लोकांना घाबरवू नका,’ असं तुम्ही लिहिलंत. आकड्याबद्दल तुमचं म्हणणं खरं निघालं. सेन्सरबद्दल मात्र नाही.

आधी बर्फाने तपासलं. बर्फ फडक्यात बांधून बत्त्याने बारीक कुटला, थर्मासमध्ये गच्च भरला आणि फटी बुजतील एवढंच गार पाणी ओतलं. (पाण्यात चार खडे तरंगत ठेवून भागत नाही, तळाचं पाणी शून्याच्या वरच राहतं.) सेन्सरची नळी मधोमध, काचेला टेकणार नाही अशी धरून ढवळत राहिलो. वीस मिनिटांनी आकडा ०.१९ वर थांबला. माझा सेन्सर डीएस१८बी२० या जातीचा, तो बनवणारेच अर्ध्या अंशाची चूक गृहीत धरतात, त्यामुळे हे उत्तमच. पण शून्याला बरोबर म्हणजे चाळिशीलाही बरोबर, असं नसतं. म्हणून कोमट पाण्यात शेजारी ताप मोजायचा थर्मामीटर धरला. ३८ च्या आसपास दोघांत फरक ०.२.

मग तीन अंश आले कुठून? वेधशाळेच्या नोंदी शेजारी मांडल्यावर उलगडलं. पहाटे फरक जवळजवळ नाही, ढगाळ दुपारी किरकोळ, आणि लख्ख उन्हात वारा पडला की एकदम वाढतो. सेन्सर खरंच सांगत होता, पण हवेचं नाही, तापलेल्या प्लास्टिकच्या डबीचं. ती मी कठड्याला, स्लॅबपासून हातभर उंचीवर बांधली होती. वेधशाळेत थर्मामीटर पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत असतो, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर वर. आत ऊन नाही, हवा मात्र खेळती. ही चूक माझी, आणि ती तुमच्यामुळे सापडली. मनापासून आभार.

आता सेन्सर सोसायटीच्या बागेत, हिरवळीवर दीड मीटर उंचीवर आहे. पांढऱ्या प्लास्टिकच्या बशा पालथ्या घालून, मध्ये बोटभर फट ठेवून एकावर एक बसवल्या आणि त्यांच्या पोटात तो टांगला. दुपारचा फरक एका अंशाच्या आत आलाय. तेवढा दोन जागांमध्ये असूही शकतो.

जुन्या नोंदींतून सरसकट तीन वजा करा, असंही तुम्ही सुचवलंत. ते मी करणार नाही. ही चूक उन्हावर आणि वाऱ्यावर अवलंबून, रोज वेगळी. दुपारचे जुने सगळे कमाल आकडे काढून टाकलेत. पहाटेचे किमान तसेच ठेवलेत.