पहिल्या महायुद्धाची ‘चार कारणे’ फळ्यावर लिहिण्याआधी

पहिले महायुद्ध शिकवायला घेतले की पहिल्या दहा मिनिटांत फळ्यावर चार शब्द उमटतात: लष्करवाद, गुप्त करार, साम्राज्यवाद, राष्ट्रवाद. खाली तात्कालिक कारण म्हणून साराजेव्होतला ऑस्ट्रिया-हंगेरीच्या युवराजाचा, फ्रान्झ फर्डिनांडचा खून. मुले उतरवून घेतात, परीक्षेत जसेच्या तसे लिहितात, गुणही मिळतात. ही यादी खोटी नाही. पण तिथून सुरुवात केली की युद्ध का झाले, हे मुलांना कळायचे राहून जाते, असे माझे स्पष्ट मत आहे.

ही चारही कारणे १९११ मध्ये होती, १९१३ मध्येही होती. १९११ मध्ये मोरोक्कोच्या अगादीर बंदरात जर्मन युद्धनौका जाऊन उभी राहिली, युरोपभर तणाव झाला, युद्ध झाले नाही. १९१२-१३ च्या बाल्कन युद्धांच्या वेळी ऑस्ट्रिया आणि रशिया दोघांनी सैन्य वाढवले, लंडनमध्ये राजदूतांची परिषद बसली, तोडगा निघाला. ऑक्टोबर १९१३ मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीने सर्बियाला निर्वाणीचा खलिता दिला: अल्बानियातून सैन्य मागे घ्या, मुदत आठ दिवस. सर्बियाने सैन्य मागे घेतले आणि विषय मिटला. नऊ महिन्यांनी त्याच दोन देशांत पुन्हा खलिता, आणि या वेळी महायुद्ध. मधल्या काळात काय बदलले? यादीकडे याचे उत्तर नाही.

करारांच्या बाबतीत तर आपण सरळ चुकीचे शिकवतो. एक सोंगटी पडली की पुढची आपोआप पडते, असे चित्र फळ्यावर काढले जाते. तारखा बघा. जर्मनीने रशियाविरुद्ध युद्ध पुकारले १ ऑगस्टला. ज्या ऑस्ट्रियाच्या पाठीशी जर्मनी उभा होता, त्याने रशियाविरुद्ध युद्ध पुकारले ६ ऑगस्टला. इटली जर्मनी-ऑस्ट्रियाच्या करारात होता, तो तटस्थ राहिला आणि मे १९१५ मध्ये उलट ऑस्ट्रियाविरुद्धच लढायला उतरला. रुमानियाचाही त्या गटाशी गुप्त करार होता, तोही १९१४ मध्ये तटस्थ राहिला. ब्रिटनवर फ्रान्ससाठी लढण्याचे कोणतेही लेखी बंधन नव्हते. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी बसून निर्णय घेतला होता. ते निर्णय वर्गात आणायचे असतील तर २८ जून ते ४ ऑगस्ट १९१४, म्हणजे खुनापासून ब्रिटन युद्धात उतरेपर्यंतचे दिवसच शिकवावे लागतात. तीन तासिका पुरतात.

पहिली तासिका नकाशाची. नकाशा १९१४ चाच हवा, आजचा अजिबात नको. आजच्या नकाशावर जर्मनी आणि रशियाची मुख्य भूमी एकमेकांना भिडतच नाही, मग एकाच्या हालचालीने दुसरा का घाबरला हे मुलांना समजणार कसे? १९१४ मध्ये पोलंड नावाचा देश नव्हता, दोन्ही साम्राज्यांची सीमा थेट लागून होती. बेलग्रेडवरही बोट ठेवायला सांगा. सर्बियाची राजधानी ऐन सीमेवर, नदीच्या पलीकडे ऑस्ट्रिया-हंगेरी. युद्ध पुकारल्यावर काही तासांत तिच्यावर तोफा कशा डागल्या गेल्या, हे वेगळे सांगावे लागत नाही.

खुनाच्या गोष्टीला पाच मिनिटांच्या वर वेळ देऊ नका. वाट चुकलेली मोटार आणि खून करणारा गॅव्ह्रिलो प्रिन्सिप यात वर्ग इतका रंगतो की पुढचे पाच आठवडे राहूनच जातात. (प्रिन्सिप तिथे सँडविच खायला थांबला होता ही गोष्ट तर बरीच नंतर जोडलेली आहे. मुलांनी ती इंटरनेटवर हमखास पाहिलेली असते.)

दुसरी तासिका मुख्य. वर्गाचे सहा गट: ऑस्ट्रिया-हंगेरी, सर्बिया, जर्मनी, रशिया, फ्रान्स, ब्रिटन. फळ्यावर तक्ता: उभ्या रांगेत सहा राजधान्या, आडव्या रांगेत २३ जुलै ते ४ ऑगस्टच्या तारखा. प्रत्येक गटाला दिवसागणिक पाकीट द्यायचे, आणि त्या दिवशी त्या राजधानीत जे माहीत होते तेवढेच त्यात घालायचे. गटाने दोन ओळी लिहायच्या: काय करणार, आणि कशाची भीती वाटते. मग प्रत्यक्षात काय झाले ते तक्त्यात भरायचे. भीतीची ओळ वगळू नका, तिसऱ्या तासिकेची सगळी चर्चा तिच्यावर उभी राहते.

२३ जुलैच्या पाकिटापासूनच गंमत सुरू होते. खलिता संध्याकाळी सहाला बेलग्रेडमध्ये दिला गेला, मुदत ४८ तास. खून होऊन साडेतीन आठवडे झाल्यावर का? हंगेरीचे पंतप्रधान तिसा १४ जुलैपर्यंत युद्धाला तयार नव्हते, बरेच सैनिक सुगीच्या रजेवर होते, आणि फ्रान्सचे अध्यक्ष प्वँकारे रशियाची राजधानी सेंट पीटर्सबर्गच्या भेटीवर असताना खलिता पाठवायचा नाही, असे व्हिएन्नाने, म्हणजे ऑस्ट्रियाच्या सरकारने ठरवले होते. ते जहाजाने परत निघेपर्यंत वाट पाहिली गेली. त्यामुळे फ्रान्सच्या गटाला २९ जुलैपर्यंत जवळजवळ रिकामी पाकिटे द्या. अध्यक्ष आणि पंतप्रधान दोघेही समुद्रावर होते, बिनतारी संदेश धड मिळत नव्हते. मुले कुरकुर करतात. करू द्या.

जर्मनीच्या गटाला मात्र दोन पाकिटे हवीत, एक मुलकी, एक लष्करी, आणि दोन्ही वेगवेगळ्या मुलांच्या हातात. ५-६ जुलैला ऑस्ट्रियाला बिनशर्त पाठिंबा दिल्यावर कैसर, म्हणजे जर्मन सम्राट, नॉर्वेच्या सफरीवर गेला. परतल्यावर २८ तारखेला सर्बियाचे उत्तर वाचून आता युद्धाला कारण उरले नाही असा शेरा त्यानेच मारला. त्याच दिवशी ऑस्ट्रियाने तारेने युद्ध पुकारले, आणि तेही स्वतःचे सैन्य १२ ऑगस्टच्या आधी तयार होणार नाही हे ठाऊक असताना. ३० जुलैला चान्सलर (सरकारचे प्रमुख) बेटमान-होलवेग व्हिएन्नाला सबुरीचा सल्ला देत होते आणि सेनाप्रमुख मोल्टके त्याच व्हिएन्नाला ताबडतोब सैन्य जमवा म्हणून सांगत होते. ‘जर्मनीने ठरवले’ असे वाक्य त्यानंतर मुले जपून लिहितात.

सर्वांत जास्त वेळ रशियाला द्या. सर्बियाच्या पाठीशी असलेल्या रशियाच्या सम्राटाने, झार निकोलसने, २९ तारखेला संपूर्ण सैन्याच्या जमवाजमवीचा हुकूम दिला, कैसरची तार वाचून रात्री तो मागे घेतला, आणि ३० तारखेला दुपारी पुन्हा दिला. फक्त ऑस्ट्रियापुरती जमवाजमव करा, असे दर वेळी कुणीतरी मूल सुचवते. चांगली सूचना आहे, पण तसा तयार आराखडाच नव्हता. सेनापतींचे म्हणणे होते की आधी अर्धी जमवाजमव केली तर नंतरची पूर्ण जमवाजमव कोलमडेल. जर्मनीची अडचण याच जातीची. फक्त रशियाशी लढण्याचा आराखडा १९१३ मध्येच बाजूला ठेवला होता, उरलेल्या आराखड्यात आधी फ्रान्सवर हल्ला होता आणि त्यासाठी बेल्जियममधले लिएज शहर पहिल्या काही दिवसांत घेणे भाग होते. १ ऑगस्टला कैसरने सगळे सैन्य पूर्वेकडे वळवा म्हटले तेव्हा मोल्टकेंनी ते अशक्य असल्याचे सांगितले. हजारो आगगाड्यांचे वेळापत्रक एका रात्रीत बदलत नाही.

इथे तीन ठिकाणी हटकून घोळ होतो.

एक, तारखा. रशियात तेव्हा जुनी दिनदर्शिका होती, १३ दिवस मागे. रशियन कागदावर १७ जुलै असेल तर तो ३० जुलै. पाकिटे भरतानाच सगळ्या तारखा बदलून घ्या, नाहीतर हुकूम आधी आणि खलिता नंतर असा गोंधळ होतो. तारांवर तासही लिहा. कैसर आणि झार यांच्या पहिल्या तारा २८ जुलै संपून २९ लागल्यावर, मध्यरात्रीनंतर, तासाभराच्या अंतराने निघाल्या आणि वाटेत एकमेकींना ओलांडून गेल्या. दुसरी तार पहिलीचे उत्तर आहे असे समजून वाचले की अर्थच बदलतो.

दोन, कागद कुठून घेतले. युद्ध सुरू होताच सरकारांनी आपापला पत्रव्यवहार रंगीत मुखपृष्ठांच्या पुस्तकांत छापला: ब्रिटनने निळ्या, जर्मनीने पांढऱ्या, रशियाने नारिंगी, फ्रान्सने पिवळ्या. प्रत्येकाने सोयीचे ठेवले, गैरसोयीचे गाळले, काही मजकूर बदलूनही छापला. वापरा, पण ही पुस्तके कुणी, कधी आणि कशासाठी छापली हे पाकिटावर लिहा.

तीन, निकाल माहीत असणे. पुढे काय होणार हे मुलांना ठाऊक असते, म्हणून जर्मनीचा गट नाटकातला खलनायक बनतो आणि ब्रिटनचा गट पहिल्याच दिवशी लढायला निघतो. प्रत्यक्षात १ ऑगस्टपर्यंत ब्रिटिश मंत्रिमंडळातल्या बहुतेकांना युद्धात पडायचे नव्हते. ‘त्या दिवशी तुम्हाला हे माहीत होते का?’ हा एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारावा लागतो. खंदकांचे नाटक बसवणे, बाके आडवी करून गोळीबार खेळणे मात्र सरळ टाळा. त्यातून युद्ध कळत नाही, करमणूक तेवढी होते.

तिसऱ्या तासिकेत चार शब्दांची ती यादी आणा. भीतीच्या ओळी वाचून दाखवा आणि प्रत्येक ओळ यादीतल्या कोणत्या शब्दाखाली जाते ते मुलांनाच ठरवू द्या. काही ओळी कुठेच बसणार नाहीत. त्या तशाच फळ्यावर राहू द्या.

प्रत्यक्ष लढाईच्या भागाबद्दल दोनच गोष्टी. फ्रान्समधल्या सोम नदीकाठच्या लढाईच्या पहिल्या दिवशी, १ जुलै १९१६ रोजी, ५७,४७० ब्रिटिश सैनिक मेले असे सर्रास लिहिले जाते. तो मृत, जखमी, बेपत्ता आणि कैदी मिळून आकडा आहे, मृत १९,२४० होते. कोणताही आकडा देताना त्यात कोण मोजले आहे ते आधी बघा. आणि युद्ध म्हणजे फ्रान्समधला चिखल एवढेच दाखवू नका. दहा लाखांहून अधिक भारतीय समुद्रापार गेले, त्यांतले सर्वाधिक मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. चिनी मजूर फ्रान्समध्ये राबले, पूर्व आफ्रिकेत हमाल म्हणून नेलेली माणसे रोगांनी आणि उपासमारीने मेली. ‘जागतिक’ हा शब्द या माणसांमुळे खरा ठरतो, त्यांना चौकटीतल्या अधिक माहितीत ढकलू नये.

राहिला परीक्षेचा प्रश्न. ‘कारणे लिहा’ असेच विचारले जाणार असेल तर उत्तराची घडण बदलून द्या: आधी दोन निर्णय, तारीख आणि माणसासह, मग ते निर्णय घेणाऱ्याला तसे का वाटले हे सांगताना करार किंवा लष्करवाद. चार गुणांच्या उत्तरात हे आरामात बसते. जबाबदार कोण, असे विचारले तर व्हर्सायच्या तहातले, युद्धाची जबाबदारी जर्मनी आणि त्याच्या मित्रांवर टाकणारे कलम २३१ उत्तर म्हणून देऊ नका. ते १९१९ मध्ये जेत्यांनी लिहिलेले आहे, आणि त्यावर इतिहासकारांत अजून वाद आहे. मुलाने ऑस्ट्रिया म्हटले, रशिया म्हटले, जर्मनी म्हटले, तरी तारीख आणि कागद दाखवला असेल तर पूर्ण गुण द्या.