आधी सत्कार, मग उरलाच तर सूर

रत्नागिरीत ऐकायला कमी नाही हो. जानेवारीत थिबा राजवाड्याच्या आवारात संगीत महोत्सव असतो, शिवाय कीर्तनं, व्याख्यानं आहेतच. पण पत्रिकेवरच्या वेळेला पडदा उघडेल तर शपथ! सहा म्हणजे पावणेसात. मग दीपप्रज्वलन. खाऱ्या वाऱ्यात समई पेटत नाही, अर्धी काड्यापेटी तिथेच संपते. मग शाल-श्रीफळ. (नारळ, तोही कोकणात! प्रत्येकाच्या परड्यात झाड आहे.) मग 'दोनच शब्द बोलतो' म्हणणारे काका, जे वीस मिनिटं हटत नाहीत.

तिकडे विंगेत तानपुरे जुळून बसलेत, दमट हवेत तबल्याच्या पुडीचा सूर उतरतोय. बुवांना मारवा राग गायचा होता, संधिप्रकाशातला. सूर्य केव्हाच समुद्रात गेला! व्याख्यानाला तर अध्यक्षच वक्त्याचा अर्धा विषय बोलून टाकतात.

शेवटी भैरवी सुरू होताना आम्ही गावाकडचे शेवटच्या एसटीसाठी उठलो, की निवेदक माइकवरून सुनावतो, "रसिकांनी मध्येच उठू नये." अरे मेल्या, सत्कारमूर्ती फोटो काढून पहिल्या आलापाआधीच घरी गेले, त्यांना सांग की!